डब्यावरचं गुटगुटीत बाळ

ज्या माणसाने मला लहानपणी पाजून पाजून फुगवलं, तो त्या सकाळी रक्त तपासायच्या लॅबमध्ये माझ्या समोरच्या बाकावर बसला होता. हात दुमडून, कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा दाबून. सत्तरी उलटलेली, पण पाठ ताठ. अंगावर चिमटीत धरता येईल एवढंही जास्तीचं मांस नाही. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण माझा चेहरा त्याच्या कारखान्यातून रोज गाड्या भरभरून बाहेर पडतो.

दुधात घालून प्यायची ती पावडर. पिवळा पत्र्याचा डबा. डब्यावर एक मूल आहे, गालांत डोळे बुडालेले, मनगटावर दोरा आवळल्यासारख्या वळ्या, दोन्ही हातांत कप. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'घरोघरी गुटगुटीत'. ते मूल म्हणजे मी. मी वाढले, आजारी पडले, माझे केस पिकायला लागले, डब्यावरची मात्र तिथेच कप धरून बसली आहे.

"आजोबा, जेवून दोन तासांनी परत यायचं हं," रक्त घेणारी मुलगी त्याला म्हणाली.

"येतो की. पण आकडा चांगलाच येणार, बघ तू. वीस वर्षं झाली, गोडाला शिवलो नाही. जिभेवर ताबा लागतो माणसाचा." आणि हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. मी बसल्यावर बाकावर किती जागा उरली होती, तीसुद्धा त्याने नजरेने मोजली.

मी नुसती दात-ओठ खात बसले. पण बाहेर पडताना माझं ठरलं होतं की या माणसाला एकदा, चार लोकांसमोर, त्याच्याच हाताने बनवलेलं पाजायचं. कसं आणि कुठे, ते मला त्या वेळी ठाऊक नव्हतं.

माझे वडील त्याच्या गोदामात कामाला होते. त्यामुळे मालक म्हणतील ती पूर्व दिशा. कंपनीने 'गुटगुटीत बालक स्पर्धा' ठेवली आणि आईने मला न्हाऊमाखू घालून तिथे नेलं. मी दोन वर्षांची असेन. पहिली आले. मालकाने मला मांडीवर घेऊन स्वतःच्या हाताने कप पाजला, फोटो निघाला, तो डब्यावर गेला. आईला आभाळ ठेंगणं झालं. पण ते तिथे संपलं असतं तर मी आज एवढी चिडून बोलले नसते. कंपनीला दुकानांच्या उद्घाटनांना, शाळांच्या कार्यक्रमांना डब्यावरचं खरं मूल मिरवायला हवं असायचं. म्हणजे मूल डब्यावरच्यासारखंच दिसायला हवं. मालक वडिलांना सांगायचा, "पोरीला सुकू देऊ नका हं." झालं! सकाळी कप, शाळेतून आल्यावर कप, निजताना कप. प्रत्येक कपात तीन शिगोशीग चमचे, वर आईच्या मायेची साखर. मैदानावर सोडायचं नाही, कारण पोर उन्हात वाळेल. शाळेत कवायतीच्या तासाला मला सावलीत बसवायचे. आईने चिठ्ठीच दिली होती. धावणं म्हणजे काय, ते मी खिडकीतून शिकले.

मी रात्री घोरायचे. घरात कौतुकाने म्हणायचे, बघा कशी गाढ झोपते. मध्येच श्वास अडकून दचकून उठायचे, तर म्हणायचे स्वप्न पडलं. दिवसा वर्गात पेंगायचे, तर बाई म्हणायच्या, सुखी जीव आहे.

आणि माझी मान. सहा-सात वर्षांची असताना मानेभोवती एक काळा पट्टा उमटायला लागला. मखमलीसारखा, थोडा जाडसर. आईला वाटलं मळ. तिने साबण बदलले. मग खरखरीत घासणी आणली. मग वजरी, टाचा घासायची. मी किंचाळायचे आणि ती घासायची, "एवढी पाहुण्यांत जाते आणि मान बघा घाणेरडी!" कातडी सोलवटून लाल व्हायची, खपली पडायची आणि खालून पट्टा पुन्हा काळाच. शेवटी कंपनीच्या फोटोवाल्याने तोड काढली. झालरीची कॉलर. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फ्रॉकला हनुवटीपर्यंत झालर.

नववं संपायच्या आत मला पाळी आली. अकराव्या वर्षी मालकाने मला एकदा नीट न्याहाळलं आणि वडिलांना म्हणाला, "आता हिचं वय गेलं." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मला हाक मारली, "ए ढब्बू!" आणि कोणी त्याला रागावलं नाही. मी घरातल्या सगळ्यांची तोंडं बघत राहिले. काल रात्रीपर्यंत मी गुटगुटीत होते. तेच गाल, तीच मनगटं. पण गुटगुटीत हा शब्द दुधाच्या दातासारखा असतो, एका वयात पडून जातो. त्याच्या जागी जे येतं ते जन्मभर टिकतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना माझं डोकं फिरतं. कॉलेजात रक्तदाब. विशी सरता सरता गुडघे. यकृतावर चरबी. तिशीच्या आत साखर, आता पोटात रोज सुई टोचून घेते. पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंनी मान बघितली आणि विचारलं, "हे कधीपासून आहे?" मी म्हटलं, लहानपणापासून, मळ आहे, जात नाही. त्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तो मळ नव्हता. शरीर तेव्हापासून ओरडून सांगत होतं की एवढी साखर आता झेपत नाही." आई तोवर गेली होती. तिच्यावर काढायचा राग राहूनच गेला. तोही सगळा मी मालकाच्या नावावर टाकला.

पोटापाण्याला मी बसस्थानकावर घोषणा करते. कुठली बस कुठल्या फलाटावर लागणार, किती उशीर, हरवलेलं मूल चौकशी खिडकीपाशी. शहरातल्या सगळ्यांना माझा आवाज ठाऊक आहे आणि मला कोणी पाहिलेलं नाही. आवाजाचं वजन कोणी करत नाही, म्हणून ही नोकरी मला आवडते.

लॅबमधल्या त्या भेटीनंतर आठवडाभरात दादा घरी आला. तो त्याच कंपनीत विक्री विभागात आहे. बरोबर वहिनी आणि माझी भाची, सात वर्षांची. तिला आम्ही चिमणी म्हणतो. जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती. आता सोफ्यावर बसली की शेजारी कुणाला बसता येत नाही. ती आली तीच जिना चढून धापा टाकत. मोबाइल उघडून बसली आणि अंगठ्याशिवाय तिचं दुसरं काही हललं नाही.

"कंपनीला पन्नास वर्षं होतायत," दादा म्हणाला. "मोठा समारंभ आहे. सगळे दुकानदार, शाळांचे मुख्याध्यापक, पेपरवाले. आणि मालक डब्यावरचा चेहरा बदलतायत. ओळख पाहू कोण?"

मला ओळखावं लागलं नाही. चिमणीच्या अंगात नवा फ्रॉक होता आणि त्याला हनुवटीपर्यंत झालर होती.

मी उठून तिच्याजवळ गेले आणि कॉलर खाली ओढली. पट्टा होता. तसाच, मखमली. कडेला ताजी खपली.

"वहिनी, हे काय?"

"अहो ताई, रोज घासते मी. जातच नाही बघा. डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर हे म्हणतात कार्यक्रम होऊन जाऊ दे."

"घासू नकोस. तो मळ नाही." मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सुईसुद्धा काढून दाखवली. वहिनीचा चेहरा उतरला. दादाचा नाही उतरला, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तुझं आपलं काहीतरीच. तू जाड आहेस म्हणून सगळं जग आजारी का? बाळसं आहे ते. खात्यापित्या घरची पोर आहे."

"सातव्या वर्षी कसलं बाळसं? आणि एकदा फोटो डब्यावर गेला की हिला तसंच ठेवणार. मला ठेवलं तसं. अकराव्या वर्षी सोडून देणार. तोवर आतून हिचं काय व्हायचं ते होऊन जाईल."

"मालकांना शब्द दिलाय मी." दादा हट्टाने म्हणाला. मग आवाज मऊ केला. "आणि तुझ्याकडे एक काम होतं. कार्यक्रमात निवेदन तू करावंस. मालकांना कल्पना फार आवडली. पूर्वीची गुटगुटीत नव्या गुटगुटीतची ओळख करून देणार. तुझा आवाज एवढा छान. फक्त..."

"फक्त काय?"

"पडद्यामागून बोलायचं." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "लोकांच्या मनात ते बाळ आहे ना. उगाच कशाला..."

वहिनीने मान खाली घातली. मला वाटलं होतं मी याला घराबाहेर काढेन. पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हॉल भरलेला, मालक मंचावर, पेपरवाले समोर आणि माझ्या हातात माइक! मी इतक्या गोडपणे हो म्हटलं की दादा चमकलाच.

समारंभाच्या दिवशी मला पडद्यामागे एक घडीची खुर्ची दिली होती. तीत मी मावणार नव्हते, म्हणून उभीच राहिले. मंचावर मधोमध टेबल, त्यावर ट्रे. ट्रे मांडणाऱ्या बाईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक नाही, तीन कप भरा. मालकांचा निरोप आहे." तिने भरले. फटीतून मला सगळं दिसत होतं. पहिल्या रांगेत दुकानदार बायकामुलांसकट. मंचाच्या पायरीशी दादा, सुटात घामाघूम. वहिनी दुसऱ्या रांगेत, तिचा जीव टांगणीला लागलेला. आणि मंचावर उंच खुर्चीत चिमणी, झालरीतून गाल वर आलेले, पाय लोंबकळत. तिच्या शेजारी मालकाची नात उभी होती, तेवढ्याच वयाची, सडसडीत. चिमणीच्या डोक्यावर मुकुट ठेवायचं काम तिच्याकडे होतं.

मालक बोलायला उभा राहिला. पन्नास वर्षांची सेवा, देशाची भावी पिढी, सगळं झालं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, "जे मी माझ्या घरात देत नाही, ते मी तुमच्या घरात कधी पाठवलं नाही. माझी नात यावरच वाढली आहे!"

टाळ्या पडल्या. आता माझी पाळी होती. मला कागद दिला होता, तो मी चुरगळून खाली टाकला आणि पडदा बाजूला सारून बाहेर आले.

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग माझा आवाज ऐकला आणि सगळे गप्प झाले. रोज बसस्थानकावर ऐकतात, कान आपोआप टवकारतात. "नमस्कार," मी म्हटलं. "डब्यावरचं बाळ ते मीच. पहिला कप मला मालकांनी स्वतःच्या हाताने पाजला होता. आज त्याची परतफेड करायची माझी फार इच्छा आहे."

मी ट्रेमधला एक कप उचलला आणि मालकासमोर धरला. दुसऱ्या हातातला माइक त्याच्या हनुवटीखाली नेला. माइक कधी बंद करायचा आणि कधी चालू ठेवायचा, एवढं एक काम मला येतं.

तो पुटपुटला, "कोण गं तू?" सगळ्या हॉलने ऐकलं.

"डब्यावरची. घ्या ना."

"हो हो. वा. नंतर घेतो."

"नंतर कशाला? फोटोवाले थांबलेत. एक घोट."

फोटोवाले खरंच पुढे सरकले. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, मग सगळेच. त्यांना वाटत होतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. मालक हसत हसत एक पाऊल मागे सरला. मी एक पाऊल पुढे गेले. माझ्या देहाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग झाला. त्याला बाजूने निसटायला जागाच नव्हती. मी कप ओठांशी नेला.

"अगं नको म्हणतोय ना!" तो खेकसला. "साखर आहे मला! निम्मी साखरच असते यात!"

आठही स्पीकरांतून ते वाक्य हॉलभर गेलं. टाळ्या जिथल्या तिथे थांबल्या. मालकाने माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याची पाचावर धारण बसली. मला सांगायला लाज वाटत नाही, तो चेहरा मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे.

पण माझं मन भरलं नव्हतं. लहान मुलीला मध्ये ओढायचं माझ्या मनात नव्हतं असं म्हणाले, तर ते खोटं होईल. मी दुसरा कप उचलला आणि नातीपुढे वाकले. "आजोबांना साखर आहे गं. मग तू घे. तू तर यावरच वाढलीस ना?"

मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले. चांगल्या वळणाची मुलगी होती, माइकमध्ये स्पष्ट बोलली. "नको, थँक्यू. आमच्याकडे हे नाही प्यायचं. आईने सांगितलंय, दात किडतात आणि माणूस जाड होतो."

पहिल्या रांगेतली तिची आई "अगं!" करून अर्धी उठली आणि तशीच राहिली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक बाई मोठ्याने म्हणाली, "म्हणजे आमच्याच पोरांना काय?" दुकानदार एकमेकांकडे बघायला लागले. मालक खुर्चीत बसला. बसला कसला, कोसळला. पेपरवाले खाली मान घालून भराभरा लिहीत होते. मी मंचाच्या मधोमध उभी राहिले आणि सगळा हॉल नजरेने पिऊन घेतला. इतकी वर्षं पाठ केलेली वाक्यं जिभेवर रांगेने येऊन उभी राहिली होती. मानेबद्दल, वजरीबद्दल, सुयांबद्दल. आता एकेक म्हणायचं. घाई नव्हती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे घोटांचा आवाज आला.

मी वळले. चिमणी उंच खुर्चीतून उतरून टेबलाशी उभी होती. तिच्यासाठी ठेवलेला कप तिने रिकामा केला होता. मालकापुढे धरलेला कप मी टेबलावर ठेवला होता, तोही रिकामा. आणि नातीने नको म्हटलेला तिसरा, जो माझ्या डाव्या हातात सैल लोंबत होता, तो तिने माझ्या बोटांतून कधी काढून घेतला ते मला कळलंही नव्हतं. तिच्या ओठांवर पांढरी मिशी होती. डोळ्यांत पाणी होतं, पोट तडस लागल्यासारखं वर आलं होतं आणि ती थांबत नव्हती.

"चिमणे! काय करतेस? ठेव तो!"

तिने कप दोन्ही हातांनी घट्ट धरला. माइक माझ्या हातात चालूच होता.

"आजोबांनी नाही प्यायला," ती धाप टाकत म्हणाली. "तिने पण नाही प्यायला. मग कोणीतरी प्यायला हवा ना, आत्या? नाहीतर बाबांना ओरडतील."

 माझ्या जिभेवरची वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी पुढे झाले, पण गुडघ्याने दगा दिला आणि मी टेबल धरून उभी राहिले. मला तिथे उभं राहून बघावं लागलं. मालकाला पाजायला भरून घेतलेले कप शेवटी माझ्याच चिमणीच्या पोटात चालले होते.

दादा पायऱ्या चढून वर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, मालकाकडे जाऊन हातापाया पडेल. तो चिमणीपुढे गुडघ्यावर बसला. रुमालाने तिचं तोंड पुसलं. मग झालरीत बोट घालून तिची मान थोडा वेळ बघत राहिला. घरी मी ओढून दाखवली होती तेव्हा त्याने बघितली नव्हती. तिच्या हातांतला कप त्याने हळूच सोडवून घेतला. अर्धा उरला होता. तो घेऊन तो उठला आणि मालकाच्या खुर्चीपाशी गेला.

"हा तुमचा आहे, साहेब," तो म्हणाला आणि कप त्याच्या हातात दिला.

माझ्या पाठ केलेल्या वाक्यांत एकही याच्या जवळपास जाणारं नव्हतं.

मग तो चिमणीला उचलायला वाकला. एका दमात त्याला ते जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. वहिनी दुसऱ्या रांगेतून धावत वर आली आणि दोघांनी मिळून तिला खाली नेलं.